दादांच्या ट्रंकेतली रोफेकॉक्सिबची स्ट्रिप, आणि आईची एटोरिकॉक्सिब

भुईचाफा
दिवाळीची झाडलोट चालू आहे. काल माळ्यावरून दादांची (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) पत्र्याची ट्रंक खाली काढली. दादा एसटीत कंडक्टर. ट्रंकेत त्यांचा बिल्ला, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, दोन पासबुकं आणि गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. दहातल्या सहा शिल्लक. रोफेकॉक्सिब २५ मिग्रॅ.

नाव ओळखीचं वाटेना म्हणून शोधलं, तर हे औषध २००४ साली जगभरातून मागे घेतलं होतं. कारण, हृदयविकाराचा धोका.

दादांचे गुडघे आयुष्यभर गाडीत उभं राहून गेलेले. २००२च्या हिवाळ्यापासून ते ही गोळी घेत होते, जवळजवळ रोज. मे २००४ मध्ये पहाटे झटका आला आणि गेले. वय ६१. बीपी होतं, तंबाखू होती. तेव्हा कुणाच्या डोक्यातही काही आलं नाही.

दोन प्रश्न आहेत.
१) हे औषध नेमकं का गेलं, आणि इतक्या उशिरा का?
२) आई (वय ७४) आता गुडघ्यांसाठी एटोरिकॉक्सिब ९० घेते, तीन वर्षं झाली. शेपूट तेच, 'कॉक्सिब'. मग ही कशी काय अजून मिळते?

टपरीवरचा_चहा
आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध, 'झोप म्हणजे बरं वाटेल'. ते अजून कुणी मागे घेतलेलं नाही.
(सॉरी भुईचाफा. दादांबद्दल वाचून वाईट वाटलं. जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन नाही, वही घेऊन बसलोय.)

गोळीवाला
२७ वर्षं औषधाच्या दुकानात काढली, म्हणून लिहितो.

रोफेकॉक्सिब आलं तेव्हा एमआर (कंपन्यांचे औषध-प्रतिनिधी) एकच वाक्य घोकून यायचे, 'दुखणं जातं आणि पोट सांभाळतं'. त्याआधी सांधेदुखीवाल्याला डायक्लोफिनॅक (जुनी वेदनाशामक गोळी) दिलं की सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी ठरलेली, तरी लोक पोट धरून परत यायचे. त्यामुळे या गोळीचं कौतुक आम्हालाही होतं. आपल्याकडे २००५पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, त्यामुळे कितीतरी देशी कंपन्या आपापल्या नावाने तीच गोळी काढत. स्वस्तही होती. चिठ्ठी न आणता लोक मागायचे आणि खोटं कशाला बोलू, आम्ही द्यायचो.

३० सप्टेंबर २००४ला तिकडे अमेरिकेत मर्कने, म्हणजे मूळ कंपनीने, स्वतःहून मागे घेतली. आपल्या सरकारची बंदी आली डिसेंबरात. मधले अडीच महिने? फळीवर माल होता आणि विकला गेला. आता हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

पुढचा भाग ऐका. महिन्याभरात तोच एमआर, तीच बॅग, नवीन गोळी, व्हॅल्डेकॉक्सिब. 'सर, ही सेफ आहे.' २००५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ती गेली आणि त्याच वर्षी आपल्याकडेही बंद झाली.

टपरीवरचा_चहा
नंतर तो एमआर काय घेऊन आला?

गोळीवाला
@टपरीवरचा_चहा, एटोरिकॉक्सिब. 🙂

भूलभुलैया
पेशाने भूलतज्ज्ञ आहे. भुईचाफाचा 'का' तेवढा सोडवते.

जखम झाली, सांधा सुजला की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. त्यांच्यामुळे दुखतं, सुजतं, तापतं. ती बनवणारी विकरं दोन, कॉक्स-१ आणि कॉक्स-२. ढोबळमानाने, पहिलं बारमाही कामावर असतं आणि पोटाच्या अस्तराची राखण करतं. दुसरं मुख्यतः सूज आली की जागं होतं. जुन्या वेदनाशामक गोळ्या दोघांनाही गप्प करतात, म्हणून दुखणं जातं आणि पोटात अल्सरही होतो. १९९०च्या दशकात कल्पना निघाली की फक्त कॉक्स-२ला गप्प करू. कल्पना खरोखर हुशार होती, हे आज म्हणणं सोपं नाही तरी म्हणते.

गोम अशी की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात कॉक्स-२ एक चांगलं काम करतं. त्याच्यामुळे प्रोस्टासायक्लिन तयार होतं, ते वाहिनी मोकळी ठेवतं आणि गुठळी होऊ देत नाही. उलट प्लेटलेट पेशींत कॉक्स-१मुळे थ्रॉम्बॉक्सेन तयार होतं, ते गुठळी करायला टपलेलं असतं. दोघांची रस्सीखेच सतत चालू. तुम्ही एका बाजूचे गडी घरी पाठवलेत. दोरी कुठे जाणार?

शिवाय या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी वाढतं. हे फक्त कॉक्सिबचं नाही, डायक्लोफिनॅकसारख्या जवळपास सगळ्याच वेदनाशामक गोळ्यांचं आहे. आईंच्या बाबतीत मला पहिला प्रश्न हाच आहे, बीपी किती आहे? शेवटचं कधी मोजलं?

आकडेमोड
'उशिरा का' हा भाग माझा. या प्रकरणावर मी बरंच वाचलंय, लांबण लागली तर माफी.

मे १९९९मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याच सुमारास आठ हजारांवर संधिवाताच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, नाव व्हिगॉर. निम्म्यांना रोफेकॉक्सिब, निम्म्यांना नॅप्रोक्सेन ही जुनी वेदनाशामक गोळी. पोटाचे गंभीर त्रास निम्म्याने कमी! पण हृदयविकाराचे झटके रोफेकॉक्सिबवाल्यांत ०.४ टक्के, नॅप्रोक्सेनवाल्यांत ०.१ टक्का. म्हणजे चौपट.

यावर कंपनीचं म्हणणं काय, तर आमची गोळी झटके आणत नाही, नॅप्रोक्सेनच अ‍ॅस्पिरिनसारखं हृदय वाचवतं, म्हणून तिकडे कमी दिसतात. म्हणजे शेजारच्या पोराला जास्त मार्क पडले, आमचं पोर नापास नाहीच. हे २०००चं. त्या चाचणीतले आणखी तीन झटके छापलेल्या लेखात धरलेच नव्हते. लेख छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली ती डिसेंबर २००५मध्ये. तोवर गोळी बाजारातून जाऊन वर्ष झालं होतं.

शेवटी घात झाला तो वेगळ्याच चाचणीत. आतड्यातल्या गाठी परत होऊ नयेत म्हणून ही गोळी चालते का, हे बघत होते. अडीच हजारांवर लोक, २५ मिग्रॅ, आणि समोर नॅप्रोक्सेन नाही, नुसती साखरेची गोळी. आता शेजारच्या पोरावर ढकलायची सोय राहिली नाही. दर १०० रुग्णवर्षांमागे (म्हणजे शंभर जणांनी वर्षभर घेतली तर) हृदय-मेंदूच्या घटना १.५, साखरेच्या गोळीत ०.७८. जवळजवळ दुप्पट. फरक ठळक दिसला तो १८ महिन्यांनंतर.

पापडखार
१.५ आणि ०.७८. म्हणजे शंभरात वर्षाला पाऊण माणूस जास्त. एवढ्यासाठी एवढा गहजब? चांगल्या औषधाचा बळी गेला असं वाटतं.

आकडेमोड
@पापडखार, पाऊण माणूस गुणिले किती लोक ते बघा. एकट्या अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोकांनी ही गोळी घेतली होती. अमेरिकी औषध प्रशासनातल्याच डेव्हिड ग्रॅहम या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर २००४मध्ये सिनेटच्या समितीपुढे आपल्याच खात्यावर ताशेरे ओढले. पुढे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याने सहकाऱ्यांसोबत अंदाज छापला, अमेरिकेत गंभीर हृदयविकाराची ८८ हजार ते १ लाख ४० हजार जादा प्रकरणं. अंदाजच आहे, आणि त्यावर वाद झाले. पण अर्धा धरलात तरी?

ठमी_न्यूजर्सी
मर्क आमच्याच राज्यातली. २००४मध्ये नवऱ्याच्या ऑफिसातले निम्मे लोक तिथून आलेले किंवा तिथे जायच्या तयारीतले. शेअर त्या एका दिवसात २७ टक्के पडला. आमच्या गणपती मंडळातले एक काका 'निवृत्तीचा फंड गेला' म्हणून गप्प बसून होते, आणि त्यांच्याच सौ. वर्षभर ती गोळी घेत होत्या. काकूंचं काय, हे त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

भारतातल्या लोकांना कल्पना नसेल, इथे औषधांच्या जाहिराती टीव्हीवर लागतात. व्हायॉक्सच्या (रोफेकॉक्सिबचं इथलं नाव) जाहिरातीत ऑलिंपिकवाली स्केटर डोरोथी हॅमिल बर्फावर घसरताना दिसायची. २००० साली या एका गोळीच्या जाहिरातीवर १६ कोटी डॉलर खर्च झाले होते. डॉक्टरकडे जाऊन लोक नाव घेऊन मागायचे. म्हणजे कराडचं काउंटर काय आणि इथल्या एडिसन गावचं काय.

खटले हजारोंनी झाले. टेक्सासच्या ज्यूरीने २००५मध्ये एका विधवेला २५ कोटी डॉलरवर भरपाई दिली, ती नंतर अपिलात रद्द झाली. त्याच वर्षी इथे अटलांटिक सिटीत कंपनी जिंकली. शेवटी २००७मध्ये ४८५ कोटी डॉलरला घाऊक तडजोड.

गोळीवाला
@ठमी_न्यूजर्सी, कराड कुठून काढलंत? मी गाव सांगितलं नव्हतं. 😀

ठमी_न्यूजर्सी
'खोटं कशाला बोलू' वरून. माहेर कराड.

उलटा_विचार
थोडा मतभेद. मला अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस (पाठीचा कणा ताठरवणारा संधिवात) आहे, विशीपासून. सकाळी उठून बुटाची नाडी बांधता येणं म्हणजे काय, हे ज्याला आयता वाकता येतं त्याला कळायचं नाही. २००३मध्ये मी रोफेकॉक्सिबवर होतो. आयुष्यात इतकं चांगलं औषध मिळालं नव्हतं. डायक्लोफिनॅकने माझा अल्सर फुटला होता, रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. त्यानेही माणसं मरतात, फक्त तो आकडा बातमीत येत नाही.

धोका सांगा, सही घ्या, तिशीतल्या निर्व्यसनी माणसाला ठरवू द्या. सत्तरीच्या बीपीवाल्याला देऊ नका. सरसकट बंदी हा आळशी उपाय आहे. आणि हे माझं एकट्याचं मत नाही. फेब्रुवारी २००५मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने १७ विरुद्ध १५ मतांनी सांगितलं होतं की व्हायॉक्स बाजारात परत यायला हरकत नाही.

आकडेमोड
@उलटा_विचार, तुमचं दुखणं मान्य, पण त्या मतदानाचा उत्तरार्धही सांगा की. ३२पैकी १० जणांचे या गोळ्यांच्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, हे नंतर वर्तमानपत्राने काढलं. ते दहा वगळले तर १४ विरुद्ध ८, व्हायॉक्सच्या विरोधात.

उलटा_विचार
संबंध असणं म्हणजे विकलं जाणं नव्हे. पण हो, हा आकडा मला माहीत होता आणि मी लिहिला नाही. मान्य.

पापडखार
म्हणून म्हणते, शल्लकी-गुग्गुळ घ्या, साइड इफेक्ट शून्य.

सोलापुरी_चटणी
@पापडखार, शून्य? २००६चा चिकुनगुनिया आठवतो का? आमच्याकडे गल्लीच्या गल्ली वाकून चालत होती. मारुतीच्या देवळात प्रदक्षिणा घालणारे सगळे गुडघ्यावर हात ठेवून, लांबून बघणाऱ्याला वाटावं नवीन नवस आहे. ताप तीन दिवसांत गेला, सांधे सहा महिने धरलेले. तेव्हा आठवडी बाजारात एक जण पुड्या विकायचा, 'शुद्ध जडीबुटी, आठ दिवसांत पळायला लागाल'. आत्या खरोखर पळायला लागली. तोंड चंद्रासारखं गोल झालं, साखर वाढली. डॉक्टरांनी तोंड बघूनच सांगितलं, पुडीत स्टेरॉइड आहे. आठ दिवसांत गुण देणाऱ्या चूर्णाकडे मी तेव्हापासून संशयानेच बघतो.

आणि सासरे. ते मात्र सरळ दुकानातून डायक्लोफिनॅक आणायचे, सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेवटी पाय सुजले तेव्हा किडनीच्या रक्ततपासणीत क्रिअ‍ॅटिनिन सहाच्या वर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस केलं, दीड वर्षाने गेले. हृदयाचं बोलताय ते बोला, पण किडनी विसरू नका.

घार
डायक्लोफिनॅकचं नाव निघालं आणि मी गप्प बसेन असं होणार नाही. अवांतर आहे, पण अगदीच नाही.

गिधाडं. आपल्याकडे १९९०पर्यंत ढोर फाट्यावर टाकलं की तासाभरात आभाळ काळं व्हायचं. मग काही वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली हजारातली ९९९ गेली. आधी रोगाचा संशय, कीटकनाशकांचा संशय. २००४मध्ये, म्हणजे तुमची ती गोळी गेली त्याच वर्षी, पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं की गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याचं मूत्रपिंड बंद पडतं. २००६मध्ये आपल्याकडे गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग लोकांनी काय केलं? माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या. म्हणून २०१५पासून माणसांची कुपी ३ मिलीचीच. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक गुरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. पर्याय होता, मेलॉक्सिकॅम, गिधाडांना चालतं.

मुंबईत डुंगरवाडीला पारशी लोकांनी शेवटी आरसे लावून सूर्याची उष्णता वळवायची सोय केली, कारण दख्म्यावर, जिथे ते मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, तिथे उतरायला पक्षीच उरले नाहीत. आमच्या रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला अजून थोडी घरटी आहेत. मी वर्षातून एकदा दुर्बीण घेऊन जातो, मोजतो, परत येतो.

टपरीवरचा_चहा
दुखतंय माणसाला, गोळी बैलाला, मेलं गिधाड. वहीची पानं संपत आली.

भुईचाफा
सगळ्यांचं वाचतेय, आभार. मोबाईलवरून लिहितेय, त्रोटक आहे.

डॉक्टरांना (भूलभुलैया) एकच सरळ विचारते. दादा त्या गोळीने गेले का? दीड वर्ष घेतली, २५ मिग्रॅ, १८ महिन्यांचा आकडा वाचून रात्री झोप लागली नाही. आणून मीच द्यायचे. कॉलेजातून येताना.

भूलभुलैया
भुईचाफा, सांगता येत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, कुणालाच सांगता येणार नाही. एकसष्ट वर्षांचा पुरुष, बीपी, तंबाखू, त्यात आपल्याकडचं हृदयरोगाचं प्रमाण. गोळी नसती तरी झटका शक्य होता, आणि गोळीने तो जवळ आणला असणंही शक्य आहे.

तुमच्या 'उशिरा का' या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर यातच आहे. एखाद्या औषधाने माणूस हिरवा झाला असता तर दहाव्या रुग्णाला कळलं असतं. या औषधाने तो रोग वाढवला ज्याने लोक तसेही रोज मरतात. दादांच्या डॉक्टरांना वर्षात असे वीस झटके दिसत असतील. त्यातले अठरा नेहमीचे आणि दोन जादाचे, हे ओपीडीत बसून कधीच कळत नाही. हजारो माणसं दोन गटांत विभागून, वर्षानुवर्षं मोजून, तेही समोरचा गट प्रामाणिक ठेवून, तेव्हा कुठे दिसतं. आणि मोजणारा पैसे घेऊन मोजत असेल तर आकडेमोड यांनी लिहिलंय तसं होतं. कॉलेजातून येताना गोळ्या आणणाऱ्या मुलीला ते कळायला हवं होतं, असं कोण म्हणेल?

घार
हे वाचून थांबलो. गिधाडांचं उलटं होतं. ज्या पक्ष्याला कापलं त्याच्या आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर, चुना फासल्यासारखा. तेवढा पुरावा असूनही कारण सापडायला दहा वर्षं गेली.

गोळीवाला
भुईचाफा, काउंटरच्या अलीकडून मीही दिल्यात त्या गोळ्या.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तो राहिलाच. बंदी 'कुटुंबा'वर येत नाही, रेणूवर येते. एटोरिकॉक्सिबला अमेरिकेने परवानगी दिलीच नाही. २००७मध्ये त्यांच्या समितीत २० विरुद्ध १ मताने नकार. युरोपात आणि आपल्याकडे मिळते. निमेसुलाइड या दुसऱ्या वेदनाशामक गोळीचंही तसंच. फिनलंड-स्पेनने २००२मध्ये थांबवलं, आयर्लंडने २००७मध्ये, यकृतामुळे. अमेरिकेत कधी आलंच नाही. आपल्याकडे २०११मध्ये फक्त १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंद केलं. आणि अ‍ॅनाल्जिन तर २०१३मध्ये बंद करून २०१४मध्ये परत सोडलं. लोक मला विचारतात, 'ही चालू आहे ना?' मी काय सांगू, आजची तारीख बघून सांगतो.

भूलभुलैया
आईंपुरतं: युरोपात स्पष्ट सूचना आहे, बीपी १४०/९०च्या वर राहत असेल आणि आटोक्यात नसेल तर एटोरिकॉक्सिब द्यायची नाही. झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यालाही नाही. आणि कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. गुडघ्याच्या झिजेसाठी तिथला नेहमीचा डोस ३०, फार तर ६०. तीन वर्षं रोज ९०, हे कुणीतरी परत बघायला हवं. इथे वाचून गोळी बदलू नका, पण या आठवड्यात बीपी आणि क्रिअ‍ॅटिनिन करा आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. काही त्रास झालेला असेल तर कळवायची सोयही आहे, १८००-१८०-३०२४, हा औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा सरकारी फोन.

उलटा_विचार
+१. आणि चालायची काठी, वजन, मांडीचे व्यायाम. मी गोळ्यांचा वकील असूनही सांगतो.

पापडखार
@सोलापुरी_चटणी, आत्यांचं वाचून घरातली चूर्णाची डबी काढून लेबल बघितलं. लेबलच नाही. 😐

भुईचाफा
नऊ दिवसांनी लिहितेय.

बीपी १५८/९४. आई म्हणाली, 'जिना चढून आले म्हणून.' अर्ध्या तासाने परत मोजलं, १५६. क्रिअ‍ॅटिनिन १.३. डॉक्टरांनी ९० बंद केली. पॅरासिटामॉल, लावायचं जेल, फिजिओ, आणि बीपीच्या गोळीचा डोस वाढवला. त्यांनी विचारलं, ९० कुणी चालू केली? चिठ्ठी शोधली तर ती तीन वर्षांपूर्वीची, दहा दिवसांसाठी लिहिलेली. पुढचं सगळं आमचं आम्हीच, दुकानातून.

आईचं दुखतंय. काल संध्याकाळी चिडून म्हणाली, 'मरायची भीती तुला आहे, गुडघे माझे आहेत.' फिजिओला मात्र आज स्वतःहून चप्पल घालून तयार होती.

दादांची स्ट्रिप टाकू का ठेवू, समजत नाहीये.

गोळीवाला
गोळ्या काढून, वेगळ्या बांधून, घरातल्या घातक कचऱ्यात द्या. उघड्यावर टाकू नका, कुणी उचलून वापरतं. रिकामं पाकीट ठेवायचं असेल तर ठेवा की.